दुसरा बार अडकतो

बंदुका दुरुस्त करणारा माणूस म्हटलं की लोकांना लगेच पिळदार मिशा दिसायला लागतात. मी साधा आयटीआयचा फिटर. वडील कोळसा खाणीत कामाला, घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि आमच्या सात पिढ्यांत कुणी बंदुकीला हात लावलेला नाही. मीही आयुष्यात एकाही जनावरावर बार काढला नाही. जे काढले ते शहराबाहेरच्या बंद पडलेल्या गिट्टी खदानीत, दुरुस्तीनंतर तपासायला म्हणून, मातीच्या ढिगाऱ्यावर. तरी ऐंशीच्या दशकातली माझी बहुतेक वर्षं चंद्रपुरातल्या एका शेठच्या बंदुकांच्या दुकानात गेली. त्यातलं एक वर्ष अजून मनातून जात नाही.

पुढच्या भागात शेठ काडतुसं विकायचे, परवाने तपासायचे, गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायचे. मागच्या अरुंद खोलीत खिडकीखाली माझा बाक, वाइस, कानशी आणि रॉकेलचा डबा. माणसं शेठकडे यायची, माझ्याकडे फक्त बंदुका. आई गेली त्याला वर्ष झालं होतं. दोन्ही बहिणी सासरी. माझ्या लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही. घरी एकट्यापुरता भात लावायचो, पण एका माणसाचा अंदाज कधी जमत नाही, भात उरतोच. सकाळी तोच परतून खायचा आणि दुकानात यायचं. दिवसभरात ‘झालं’ आणि ‘उद्या या’ एवढंच माझ्या तोंडून निघायचं. मला एकटेपणाची सवय झाली आहे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे. कुणी विचारत नव्हतं, तरी सांगत असे.

चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. पूर्वेकडच्या तालुक्यांची परवान्याची कामं आता गडचिरोलीला व्हायची, पण बंदूक बिघडली की तिकडची माणसं अजून आमच्याकडेच यायची. तशाच एका जानेवारीत कुरखेड्याकडचे एक शेतकरी एसटीने आले. साठीच्या पुढचे, काटक, काखेत कांबळ्यात गुंडाळलेली बंदूक. बायको वारलेली, एकुलती मुलगी लांब दिलेली. मी त्यांना भाऊ म्हणू लागलो, ते मला मिस्त्री म्हणायचे.

कांबळं सोडलं आणि मी सरसावून बसलो. आमच्याकडे येणाऱ्या बंदुका एकनळी नाहीतर दुनळी. नळी बिजागरीत खाली मोडायची, काडतूस भरायचं, बार काढायचा. ही विलायती, पाच बारांची. एक काडतूस नळीत, चार पोटात. एक बार झाला की त्याच धक्क्याने नळी मागे सरकते, रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, पोटातलं नवं वर उचललं जातं आणि बोल्ट त्याला नळीत ढकलून दार लावतो. आपण फक्त पुन्हा घोडा दाबायचा. रानात वाट दाखवण्याच्या जुन्या कामाबद्दल एका तेंदूपत्त्याच्या कंत्राटदाराने गावी परतताना ती रीतसर कागद करून त्यांच्या नावावर केली होती.

“एक बार बरोबर निघते, मिस्त्री. दुसरा अडकते,” ते म्हणाले. “काडतूस अर्ध्यात येऊन तिरपं उभं राह्यते. मी झटके मारून राह्यतो आन् डुक्कर तिकडं आरामात जेवून राह्यते.”

त्यांचा परवाना पीक राखण्याचा होता. गावाच्या जंगलाकडच्या अंगाला जेवढ्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, होत्या, तेवढ्या सगळ्यांची राखण त्यांच्याकडे. डुकरं मारायची नाहीत. पहाटे कळप रानात परतायच्या वेळी हवेत लागोपाठ बार काढून त्यांना पिटाळायचं. धान निघालं की घरटी पायलीभर त्यांना मिळे, पण खरी गोष्ट पायलीची नव्हती. त्या वयाच्या माणसाला गावात कुणी काही विचारत नाही; यांना विचारत होते.

“डुकरायले बी समजलं आता,” ते म्हणाले. “एक बार झाला का मान वर करते. दुसरा आला नाई का पुन्हा खाली घालते. गावातले पोट्टे मले एकबारी म्हणते.” हे सांगताना ते स्वतःच हसले. मग खाली बघून म्हणाले, “मालक लोक म्हणते, भाऊचा हात कापते, बंदुकीचं नाव सांगते. पुढच्या सुगीले असंच झालं तं राखण दुसऱ्याले देणार हायेत.”

मी त्यांची काडतुसं पाहिली. कागदी होती आणि पावसाळ्यात ओल धरून फुगलेली. माझ्याकडच्या मापाच्या कडीतून एकही सरळ जाईना. मला वाटलं, सापडलं. नवी काडतुसं घ्या आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, असं सांगून मी मोकळा झालो. बंदूक बाकावर लाकडी नकली काडतुसांनी चालवून पाहिली, मक्खन चालली. तोवर त्यांची परतीची गाडी निघून गेली होती. लॉजवर जाऊन निजण्यापेक्षा माझ्या खोलीवर चला, असं मी म्हणालो, आणि म्हटल्यावर मलाच नवल वाटलं.

त्या दिवशी भात उरला नाही. त्यांनी वांग्याची भाजी केली, मी भाकरी थापल्या, आणि त्या नकाशासारख्या झाल्या तरी त्यांनी चार खाल्ल्या. ते रानातल्या गोष्टी सांगत होते, मी ऐकत होतो, मध्येच मीही आईबद्दल काहीतरी बोललो. कितीतरी महिन्यांनी खोलीत दोन आवाज होते. सकाळी ते गेले तेव्हा मी उगाच बसस्टँडपर्यंत सोडायला गेलो.

फेब्रुवारीत ते पुन्हा आले. नवी काडतुसं, तांदळात ठेवलेली, तरी दुसरा बार अडकलाच. धान निघाल्यावर बांधीत लाखोळीचं कडधान्य होतं आणि डुकरं त्यात होती. या वेळी मी बंदूक पुढून उघडली. नळीखाली एक पितळी कडी असते, काडतूस जड की हलकं यावर ती इकडे-तिकडे बसवायची असते, म्हणजे नळीचा धक्का बेताचा राहतो. ती उलटी होती. पुन्हा वाटलं, सापडलं. कडी बसवली, पुढचे सगळे भाग रॉकेलने धुतले. पुसताना नाकाला एक वास आला, ओळखीचा, घरगुती. यांच्या डोक्याच्या तेलाचा असणार म्हणून मी सोडून दिलं. माझं नाक माझ्या डोक्यापेक्षा हुशार होतं, हे मला नंतर कळलं.

मे महिन्यात ते तिसऱ्यांदा आले. तेव्हा बंदूक पाची बार काढत होती, खदानीत आम्ही दोघांनी काढून पाहिले. “शंका नको म्हणून आणली,” ते म्हणाले. येताना पिशवीत चारोळ्या, वाळवलेले वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, आणि एक बाटली टोळीच्या तेलाची, म्हणजे मोहाच्या बियांचं, घरच्या घाण्याचं. “टाचंच्या भेगायले लावत जा,” असं माझ्या पायांकडे बघून म्हणाले. काही कारण नसताना माणूस माझ्याकडे आला, याचा मला इतका आनंद झाला की मी शेठकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली.

आणि हाच आनंद पुढे माझ्या डोक्यात किडा होऊन बसला.

दिवाळीनंतर थंडी पडली. उशिराचं धान उभं होतं. ते आले ते थकलेले, डोळे लाल. “पुन्हा तसंच, मिस्त्री. सकाळी सकाळी अडकते.” मी बंदूक घेतली. दुपारची वेळ, बाकावर ऊन. दहा वेळा चालवली, वीस वेळा चालवली, एकदाही अडली नाही. तेल देता का विचारलं. “रोज देतो, चांगलं घरचं,” ते म्हणाले. ‘घरचं’ हा शब्द माझ्या कानावरून गेला, आत शिरला नाही. खदानीत नेऊन बार काढले, पाची निघाले. परत आलो तर दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं, आणि शेठ त्यांच्यासमोर मला म्हणाले, “चार वेळा एकच बंदूक? विद्या संपली का तुझी?”

माझा राग नाकावरच असतो. त्यात चारचौघांत माझी कारागिरी काढलेली. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“बंदुकीले काही नाई झालं, शेठ,” मी म्हणालो. “भाऊले इथी येऊन बसाचं असते, म्हणून आणते. घरी बोलाले कोणी नाई ना.”

लोक हसले. शेठही हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी अर्धाच खाली ठेवला. “बरं,” एवढंच म्हणाले. बंदूक कांबळ्यात गुंडाळली, दोरी बांधली, दोनदा बांधली, कारण पहिल्यांदा गाठ नीट बसली नाही. त्या दिवशी गाडी नव्हतीच. ते कुठे निजले मला माहीत नाही. माझ्या खोलीवर आले नाहीत.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. बसायला, बोलायला माणूस कुणाला हवा होता? वर्षभर एसटीच्या वेळा कोण लक्षात ठेवत होतं? माझा रोग मी त्यांच्या माथी मारला आणि वर लोकांना हसवलं. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण कळून काय उपयोग. पत्र लिहायला घेतलं, दोन ओळींच्या पुढे गेलो नाही. दुकानात कुणी कांबळं काखेत घेऊन आलं की मी मान वर करायचो आणि पुन्हा कानस धरायचो.

डिसेंबरातल्या एका सकाळी पहिल्यांदा टाचा ठणकायला लागल्या, म्हणून फळीवरची तेलाची बाटली काढली. तोपर्यंत मी ती उघडलीही नव्हती. हातावर उलटी केली, तेल येईना. हलवली, तरी येईना. खिडकीशी नेऊन पाहिलं तर आत तेल नव्हतंच. तुपासारखं पांढरं, घट्ट थिजलेलं काहीतरी होतं. मी बाटली तशीच उन्हात ठेवली. नऊ वाजेपर्यंत ते पुन्हा पिवळं, पातळ तेल झालं. बूच उघडून वास घेतला. फेब्रुवारीत बंदुकीला आला होता, तोच.

मी खाली बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं वर्षभर माझं चाललं होतं. आमच्या भागात टोळीचं तेल कशाला चालत नाही? भाजीला, दिव्याला, केसांना, बैलबंडीच्या आसाला. मग बंदुकीला का नाही? कंत्राटदाराने बंदुकीबरोबर दिलेला तेलाचा डबा संपला तेव्हा त्यांनी घरचं तेल घातलं असणार. आमच्याकडच्या कुणीही तेच केलं असतं. मळलेले पुढचे भाग मी प्रत्येक वेळी धुतले. पण बंदूक खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता खाली करून भिंतीशी उभी ठेवली की तेल मागे उतरतं, आणि दस्त्याच्या आत एका नळकांड्यात ती लांब स्प्रिंग असते, जी बोल्टला पुढे ढकलते. दस्ता मी कधी उघडलाच नव्हता. जुनं लाकूड, चीर पडेल म्हणून टाळलं होतं. पहाटे थंडीत आत तेल थिजायचं, स्प्रिंग मेल्यासारखी पडायची, काडतूस अर्ध्यात राहायचं. आणि माझ्या बाकावर ऊन असायचं.

ते खरं बोलत होते. शब्दन् शब्द खरं.

त्यांच्या गावी जातो म्हटल्यावर शेठ म्हणाले, “दुरुस्ती दुकानात होते, गिऱ्हाइकाच्या दारात नाही.” मी म्हणालो, मग रजा धरा. पाने, रॉकेल आणि बंदुकीच्या तेलाची डबी पिशवीत टाकली आणि एसटी धरली. गडचिरोली, तिथून आरमोरी, तिथून कुरखेडा, पुढे एका बंडीत. वाटभर मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. पोहोचलो तेव्हा ते अंगणात सूप घेऊन लाखोळी पाखडत होते. मला पाहून उठले नाहीत, पण सूप खाली ठेवलं.

“भाऊ, चूक माझी होती,” मी म्हणालो. जुळवलेलं बाकी सगळं विसरलो. “बंदूक खरंच अडकते. काऊन अडकते ते सापडलं.”

त्यांनी उठून पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, “हातपाय धू. जेवून घे.”

राखण अजून त्यांच्याकडेच होती, पण जेमतेम. धान निघेपर्यंत थांबू, असं मालक लोक म्हणाले होते. जेवताना त्यांनी मला कमी पडू दिलं नाही आणि कामाशिवाय एक शब्दही बोलले नाहीत. रानातली एकही गोष्ट नाही. मला ते शिव्या देण्यापेक्षा जास्त लागलं.

पहाटे आम्ही दोघं मचाणावर गेलो. थंडी अशी की बोटं वाकेनात. बांधीत सळसळ झाली, त्यांनी आकाशाकडे नळी करून बार काढला. दुसरा निघाला नाही. मी टॉर्च मारला; काडतूस अर्ध्यात, तिरपं, ते म्हणायचे तसंच उभं. मला इतका आनंद झाला की लाज वाटली. वर्षभर ज्याला मी शोधत होतो, तो दोष पहिल्यांदा माझ्यासमोर होता.

बंदूक रिकामी करून खाली शेकोटीशी बसलो. दस्ता विस्तवापासून हातभर लांब धरून शेकला, नकली काडतुसं घातली. चालली, एकही अडलं नाही. उजाडल्यावर गार पडू दिली, पुन्हा अडली. तेवढ्यात ज्यांची बांधी होती असे दोघे-तिघे जमले, त्यांच्यासमोर मी दस्ता उघडला. स्क्रू घट्ट होता, माझा जीव मुठीत, पण लाकडाला चीर गेली नाही. नळकांड्यातली स्प्रिंग ओढली तर तिच्या वेढ्यांत पांढरा गोळा भरलेला. मी तो बोटाने काढून त्यांना दाखवला.

“भाऊचा हात नाई कापत,” मी म्हणालो. “तेल थिजते. कापला असन तं माझा कापला.”

सगळं रॉकेलने धुतलं, कोरडं केलं, बंदुकीच्या तेलाचा नुसता हात फिरवला. दुसऱ्या पहाटे ते मचाणावर एकटेच चढले. मी आणि गावातले पाच-सात जण बांधावर उभे. पहिला बार झाला. आणि त्याच्या मागे दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, श्वास घ्यायला जागा नाही. कळप रानात घुसल्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता. खाली उतरून ते माझ्यापाशी आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. मी रडलो, थंडीवर ढकललं.

त्या दिवशी त्यांनी गोष्टी सांगितल्या. जुन्या, रानातल्या. मला वाटलं, सुटलो.

दुपारी रस्त्यापर्यंत सोडायला आले. तेलाची डबी मी त्यांच्या हातात दिली, थेंबभरच लावायचं, बंदूक नळी खाली करून टांगायची, हे समजावलं. गाडी दिसली तसं मी म्हणालो, “येत जा भाऊ चंद्रपूरले. बंदूक नको, तसंच या. खोली हाये, भात हाये.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग तर गेलाच होता.

“तसंच कसा येऊ, मिस्त्री?” ते म्हणाले. “चार लोकांत एक डाव तू म्हणून गेला ना, हा बसाले येते म्हणून. आता बिनकामाचा आलो तं ते खरं होईन. बंदूक बिघडली का येईन.”

गाडीत बसून मी मागे पाहिलं तर ते डबी हातात धरून तसेच उभे होते.

पुढची तीन-चार वर्षं त्यांच्या गावचं कुणी काडतुसांना आलं की मी बाक सोडून पुढे जायचो आणि विचारायचो. एकच उत्तर यायचं. “भाऊ? मजेत. राखण त्याईच्याकडंच हाये. पाची बार काढते, एक नाई अडकत.” मी बरं म्हणायचो आणि मागे यायचो.

हाताखालून शेकडो बंदुका गेल्या. घाईत केलेली, अर्धवट सोडलेली कामंही त्यात होती, आणि ती गिऱ्हाइकं सहा महिन्यांत भांडायला परत आलीही. ही एकच मी जीव ओतून दुरुस्त केली. खरं सांगतो, पुढे कितीतरी वेळा मनात आलं की त्या पहाटे दस्ता बंद करताना आत एखादा बारीकसा दोष ठेवायला हवा होता.